मागे राहिलेल्या पोरासाठी रोजचा अर्धा तास

(कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत गोंदिया जिल्ह्यातून आलेल्या सहकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही धानाच्या मुलखातून आलो आहोत. तुमच्याकडे काळी जमीन आणि पऱ्हाटी, आमच्याकडे बांध्या आणि धान. तुम्ही पेरणीसाठी आभाळाकडे पाहता, आम्ही रोवणीसाठी पाहतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मामा तलाव आहेत, बोड्या आहेत, म्हणून कोणी आम्हाला बागायतदार समजू नये. पाऊस रुसला की तलाव कोरडा आणि आम्हीही कोरडे. तेव्हा कोरडवाहूचे दुःख काय असते ते तुम्ही आम्हाला सांगायला नको आणि आम्ही तुम्हाला सांगायला नको.

भावाबद्दल आणि कर्जाबद्दल या बैठकीत इतर सहकारी बोलणार आहेत. आम्ही आज बोलणार आहोत शाळेत मागे राहिलेल्या पोरांबद्दल. शेतकऱ्यांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. आमच्याही मनात बरीच वर्षे तेच होते. आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले. किडी ओळखायच्या, माती तपासायची, पत्रके लिहायची आणि गावोगाव वाटायची, हे आमचे काम. शाळेचे काम गुरुजींचे, असे आम्ही धरून चाललो होतो. हा समज एका संध्याकाळी मोडला. ती हकिकत आधी सांगतो.

पत्रक आणि नातू

देवरी तालुक्यातल्या एका गावात बैठक होती. धानावरच्या खोडकिडीबद्दल आम्ही एक पानी पत्रक छापून नेले होते. त्यात मुख्य गोष्ट एकच होती. शेकडा पाच फुटव्यांना गाभेमर दिसल्याशिवाय फवारणी करू नका, उगाच औषधावर पैसा घालू नका. बैठक संपली आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते पत्रक आपल्या नातवाच्या हातात दिले. नातू आठवीत. म्हातारा म्हणाला, "वाच रे, भाऊंनी काय लिहून आणलं हाये ते."

पोराने कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. धानावर कीड आली की लगेच औषध मारावे, उशीर करू नये, चांगल्या कंपनीचे औषध आणावे. एकदाही न अडखळता त्याने 'वाचले'. म्हातारा खूश झाला. आम्ही मात्र खाली मान घालून उभे होतो, कारण पत्रक आम्हीच लिहिले होते आणि पोराने म्हटलेले एक वाक्यही त्यात नव्हते. उलट आम्ही जे करू नका म्हणून लिहिले होते, तेच तो करा म्हणून सांगत होता.

चारचौघांत आम्ही काही बोललो नाही. नंतर बोडीच्या पाळीवर तो एकटा भेटला तेव्हा जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "अक्षरं येतात जी मले. पण जोडता जोडता पुढं गेलो का मागचं विसरून जातो."

शेतकरी बंधूंनो, त्या पोराने आपला रोग स्वतःच नेमका सांगितला होता. तो ढ नव्हता. ज्या पोराला कागद न वाचता शेतीचे इतके सफाईदार भाषण तयार करता येते, त्याचे डोके कमी कसे म्हणायचे? वाचन हाताखालचे होण्याआधीच वर्ग पुढे सरकला आणि तो सहा-सात वर्षे मागे बसून राहिला, एवढेच झाले होते. आणि आम्ही? किती पत्रके वाटली त्याचा हिशेब आम्ही दर महिन्याला ठेवत होतो. ती वाचता किती जणांना येतात, हे आम्ही एकदाही मोजले नव्हते.

असा एकच पोरगा नाही

हा आमच्या जंगलपट्टीचाच प्रश्न आहे, असे समजून सोडून देऊ नका. 'प्रथम' ही संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. पाहणीवाले घरी येतात, मुलाला जवळ बसवतात आणि एका कागदावरचे वाचायला लावतात. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या १०० मुलांपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत १०० पैकी सुमारे ४५. आणि आठवीतसुद्धा दर तीन मुलांमागे एकाला दुसरीचा धडा नीट वाचता आला नाही. आमचा तो नातू त्या तिघांतला एक.

यात कोरोनाच्या काळाची भर पडली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. मोबाइलवर शिका म्हणाले, पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात, तिथे पोर काय शिकणार? जे मूल त्या वेळी पहिलीत होते ते शाळा उघडली तेव्हा तिसरीत बसले. मधले शिकायचे राहून गेले ते राहूनच गेले.

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी तुम्ही तासात फिरता आणि नांग्या भरता. त्या वेळी भरल्या तर झाड बाकीच्यांच्या बरोबरीने येते. पऱ्हाटी कमरेला लागल्यावर नांगी भरून काही उपयोग नसतो. शाळेत नेमके उलटे चालते. बी उगवले की नाही हे न पाहता डवरणीची तारीख आली म्हणून डवरणी करायची, फुलाची तारीख आली म्हणून फुले मोजायची. गुरुजींवर पाठ्यपुस्तक संपवण्याची सक्ती असते. सहावीचे पुस्तक सहावीच्या पोरापुढे ठेवले जाते, मग त्याचे वाचन दुसरीचे का असेना.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. गोंदिया जिल्ह्यात घरी कोणी गोंडी बोलतो, कोणी पोवारी, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी. पुस्तकातली मराठी त्या मुलाला परकी असते. तुमच्याकडे कोलामी आणि बंजारा तांड्यांवर हेच असणार. पोर गप्प बसते आणि आपण म्हणतो, याला काही येत नाही.

आमचा पहिला प्रयत्न फसला

त्या संध्याकाळनंतर आम्ही चार जण बसलो आणि ठरवले की गावात वर्ग घ्यायचा. दर रविवारी सकाळी तीन तास, समाजमंदिरात. पहिल्या रविवारी जागा पुरली नाही. पुढच्या रविवारी निम्मी पोरे. पाचव्या रविवारी आम्ही आणि तीन पोरे. जी टिकून होती त्यांचेही तेच. या रविवारी शिकवलेले पुढच्या रविवारी पुसलेले.

आम्ही पोरांना दोष दिला, मग आईबापांना दिला. शेवटी आम्हाला आमचीच शेतकी विद्या आठवली. दोन तासांत चार इंच पाऊस पडला तर काय होते? माती वाहून जाते, नाला भरतो आणि दोन दिवसांनी जमीन पुन्हा कोरडी. तेवढेच पाणी आठ दिवसांच्या झडीत पडले तर मुळापर्यंत मुरते. पाणी तितकेच, पण मुरायला वेळ मिळतो. आमचा रविवारचा वर्ग ढगफुटी होती. पोरांना झडी हवी होती.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हे लिहून ठेवले आहे. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा तो पाठ करी आणि किती वेळा घोकावे लागते ते मोजी. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढे पक्के होई, तेवढेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकून होई. म्हणजे जवळजवळ निम्म्या मेहनतीत तेच पीक. आपल्या म्हाताऱ्यांनी पाढे रोज संध्याकाळी म्हणायला लावले, ते उगाच नव्हे.

पोर जिथे उभे आहे तिथून

दुसऱ्यांदा आम्ही रोज अर्ध्या तासावर आलो. वेळ दिवेलागणीची. शिकवायला गावातलीच बारावी झालेली एक मुलगी आणि एक तरुण. आम्ही आठवड्यातून एकदा जाणार.

सुरुवात तपासणीने केली. 'असर'ची तपासणी अगदी सोपी आहे आणि ती कोणीही करू शकतो. एका कागदावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट. पोर जिथपर्यंत न अडखळता वाचते, ती त्याची पायरी. गणितात एक ते नऊ अंक ओळखणे, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. एका पोराला पाच-सात मिनिटे लागतात. माती परीक्षणाला याहून जास्त वेळ जातो.

मग पोरांचे गट पाडले ते इयत्तेवर नाही, पायरीवर. सहावीतला आणि तिसरीतली दोघे शब्दांच्या पायरीवर असतील तर दोघे एका गटात.

या पद्धतीच्या मागे बरीच वर्षांची मेहनत आहे. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, त्यांना 'बालसखी' म्हणत, तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. ते मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारी शिक्षकांनीच दिवसातला एक तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे शिकवले आणि मुलांचे वाचन सुधारले. पण त्याआधी बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना नुसते साहित्य देऊन सोडून दिले होते, तिथे काही फरक पडला नव्हता. नुसती पुस्तके वाटणे आणि आमचे नुसती पत्रके वाटणे, दोन्ही एकाच जातीचे.

थोरल्या पोरांचा प्रश्न मात्र आम्हाला कोणत्याच कागदावर सापडला नाही. आठवीतला पोरगा 'कमल, नमन, बस' वाचायला लहानांत बसेना. लाज वाटे, आणि ती वाटणारच. त्यांना आम्ही वेगळे बसवले आणि वाचायला वेगळे दिले. खताच्या पोत्यावरची ओळ, बियाण्याच्या पाकिटावरची तारीख, रेशनकार्डावरची घरच्यांची नावे, एस.टी.ची पाटी. शब्द तितकेच सोपे, पण कागद मोठ्या माणसाचा. मग पोरगा ताठ बसू लागला.

अर्ध्या तासात काय करायचे

पहिली पाच मिनिटे कालचे. काल जे वाचले तेच पुन्हा. नवे काही नाही. पोराला आल्याआल्या जमले पाहिजे.

पुढची दहा मिनिटे मोठ्याने वाचन. आधी शिकवणारी बोट ठेवून वाचते, मग सगळे मिळून, मग एकेक जण. अडला तर तीन मोजेपर्यंत थांबायचे आणि शब्द सांगून टाकायचा. टपली मारायची नाही, हसायचे नाही. ज्याच्या घरी गोंडी आहे त्याने गोष्ट आधी गोंडीत सांगितली तरी चालेल. अर्थ कळला की मराठी शब्द त्यावर लवकर बसतो.

मग पाच मिनिटे बाराखडीचा तक्ता. रोज एक ओळ, आणि त्या ओळीतल्या अक्षरांनी गावातली नावे, झाडांची नावे, गुरांची नावे तयार करायची.

शेवटची दहा मिनिटे गणित, आणि तेही हातात धरून. आम्ही तुरीच्या काड्या घेतो. दहा काड्यांची एक जुडी. बेचाळीसमधून सतरा द्यायचे तर चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात कसे द्यायचे? मग एक जुडी सोडायची. ज्या पोरांना हातचा म्हणजे काय हे पाच वर्षे फळ्यावर कळले नव्हते, त्यांना जुडी सोडताना कळले. तुमच्याकडे पऱ्हाटीच्या काड्या आणि सरकी आहे, तीही चालेल.

अर्धा तास झाला की बंद. पोरे आणखी बसतो म्हणाली तरी बंद. उद्या यायची ओढ राहिली पाहिजे.

नोंद कशी ठेवायची, कशी ठेवू नये

आता नोंदीबद्दल. गुलाबी बोंडअळीसाठी तुम्ही कामगंध सापळे लावता. सलग तीन रात्री सापळ्यात आठ पतंग दिसले की हालचाल करायची, हे तुम्हाला पाठ आहे. जो शेतकरी सापळा लावतो पण पतंग मोजत नाही, त्याचा सापळा नुसता झाडावर टांगलेला. पोरांचेही तसेच. रोज शिकवले पण काय आले ते मोजले नाही, तर कोण अडकला हे कळायला वर्ष जाते.

आम्ही मोजायला लागलो आणि पहिल्याच फेरीत मोठी चूक केली. समाजमंदिराच्या भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यांची नावे, पुढे लागलेले सर्वांत वर, मागे राहिलेले सर्वांत खाली. वाटले, चढाओढ होईल. चौथीतली एक मुलगी यायची बंद झाली. घरी गेलो तर आई म्हणाली, "तिचं नाव खाली लटकलं हाये जी भिंतीवर. पानी भराले जाते तं पोरी दाखवतात." आम्ही त्याच रात्री तक्ता काढला. त्या मुलीला परत यायला तीन आठवडे लागले. दोष तिचा नव्हता, तिच्या आईचाही नव्हता, आमचा होता.

तेव्हापासून प्रत्येकाचे एक कार्ड असते आणि ते त्याच्याच जवळ. त्यावर तीनच गोष्टी. तारीख. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. पाच वजाबाक्यांतल्या बरोबर आलेल्या. दर आठवड्याला एक ओळ. पोराची तुलना त्याच्या मागच्या ओळीशी, शेजाऱ्याच्या ओळीशी नाही.

दर पंधरा दिवसांनी पायरीची तपासणी, आणि ती शिकवणाऱ्याने करायची नाही, दुसऱ्या कोणीतरी करायची. यात अविश्वास नाही. ज्याचा माल त्याचाच काटा असू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ज्या कार्डावरची ओळ दीड महिना हलत नाही, तिथे थांबायचे आणि शोधायचे. आमच्या एका पोराला फळ्यावरचे दिसतच नव्हते, चष्मा लागला आणि ओळ हलली. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी पोर घरी ठेवू नका. डोळे बरे, कान बरे, येणे नियमित, तरी अक्षरे उलटसुलट होतात आणि शब्द जुळत नाहीत, अशीही काही मुले असतात. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे. अशा मुलाला मारून काही येत नाही. त्याची रीतसर तपासणी करून घ्या आणि प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेतल्या सवलती मागा. तो त्याचा हक्क आहे.

त्या नातवाचे काय झाले

तुम्ही विचारालच म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी तो एका मिनिटात अठरा शब्द वाचू शकला. पहिला महिनाभर कार्डावरची ओळ जेमतेम हलली. दोनदा तो यायचा बंद झाला, एकदा धान कापणीला आणि एकदा रागाने. संक्रांतीच्या सुमारास तो दुसरीची गोष्ट न अडखळता वाचू लागला. तो काही हुशार विद्यार्थी झालेला नाही. पण तेच जुने पत्रक त्याने एक दिवस आमच्यासमोर खरेच वाचले आणि मधेच थांबून विचारले, "आर्थिक नुकसानीची संकेत पातळी म्हणजे काय जी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते, नातवाला येत नव्हते, आणि ज्याला आले असते त्यालाही आमचे पत्रक कळले नसते. ते पत्रक आम्ही पुन्हा लिहिले. शंभर फुटवे मोजा, पाच मेलेले दिसले तर फवारा, असे.

सगळेच पुढे गेले असे मात्र नाही. दोघे मधूनच सुटले. एक मुलगी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली आणि तिचे कार्ड आमच्याकडेच राहिले. ते आम्ही अजून ठेवले आहे.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका, हे तर शाळेचे काम. खरे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि शाळेची जबाबदारी आपल्या अंगावर घेऊन सरकारला मोकळे सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, हे तर सरकारचेच ध्येय. त्यासाठी ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' जाहीर झाले. पण विचारायला आपल्याकडे आकडा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. त्या बैठकीत जाऊन गुरुजींशी भांडू नका. एवढेच म्हणा की गावातल्या इतक्या पोरांना परिच्छेद वाचता येत नाही, शाळेतला एक तास पायरीप्रमाणे द्या, आम्ही संध्याकाळचा अर्धा तास देतो. कार्डे पुढे ठेवली की बोलणे सोपे होते. बहुतेक गुरुजींना हे हवेच असते, विचारणारे कोणी नसते.

दुसरी शंका, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार? शिकवू नका, ऐका. पोराला समोर बसवा आणि म्हणा, वाच, मी ऐकते. पोर खोटे वाचत असेल तर त्याला तीच ओळ पुन्हा वाचायला लावा. खरे वाचले असेल तर दुसऱ्या वेळीही तेच शब्द येतात, मनाचे असेल तर बदलतात. निरक्षर आईलाही ही तपासणी करता येते. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' मोहिमेत गावोगाव मातागट झाले होते. तुमच्या गावचा गट झोपला असेल तर जागा करा.

तिसरी शंका वेळेची. वेचणीच्या दिवसांत अर्धा तास कुठून आणायचा? शाळा बुडवून पोरीला वेचणीला नेऊ नका, हे आम्ही सांगणारच. पण सुटीच्या दिवशी ती शेतात असेल तर दुपारच्या भाकरीच्या वेळी झाडाखाली पंधरा मिनिटे निघतात. गणिताचे पुस्तकही लागत नाही. आईने सकाळी १८ किलो वेचला आणि दुपारी १३ किलो, एकूण किती? किलोमागे मजुरी अमुक, तर पैसे किती? काट्यावर ४६ किलो भरला, पालवाचे २ किलो गेले, तर राहिले किती? हीच वजाबाकी उद्या तिला बाजारात करायची आहे. ती तिला आली नाही तर तिच्यासाठी दुसरा कोणी करील आणि तो आपल्या फायद्याची करील.

आणि यात जिवाचाही प्रश्न आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणे पुष्कळ होती. नुसते वाचता आले असते तर सगळे वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे आणि त्याखालची सूचना घरातल्या एका तरी पोराला वाचता आली पाहिजे. मनाने रचून नव्हे, कागदावर आहे ते.

आता काय करायचे

गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात पाच घरांतल्या पोरांची तपासणी करा. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. तिथेच सगळ्यांत मोठा धक्का बसतो.

गावातला दहावी-बारावी झालेला एक मुलगा किंवा मुलगी शोधा. गावाने त्याला काही ना काही द्यावे. फुकटचे काम फार दिवस चालत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

जागा, वेळ आणि दिवा ठरवा. नव्वद दिवस ठरवा, त्याहून मोठा संकल्प करू नका. मध्ये चार दिवस बुडाले तर पाचव्या दिवशी पुन्हा बसा. झडीतही उघाड पडते.

प्रत्येकाचे कार्ड करा, भिंतीवर नावे लावू नका. पंधरा दिवसांनी तपासणी दुसऱ्याकडून करा. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना किती सभा झाल्या, किती पत्रके खपली यांच्या आकड्यांबरोबर तिसरा आकडा आणा. किती पोरे एक पायरी वर चढली आणि किती जागच्या जागी आहेत. जागच्या जागी असलेल्यांचा आकडा लपवू नका, त्यांच्यासाठीच हे आहे.

हे भाषण छापून तुमच्या हातात येईल. आज रात्री हा कागद घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरापुढे ठेवा आणि वरचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. मग तोच परिच्छेद पुन्हा एकदा वाचून घ्या. दोन्ही वेळा शब्द तेच आले तर पोराच्या पाठीवर हात फिरवा. वेगळे आले तर रागावू नका. उद्या दिवेलागणीला त्याला जवळ बसवा.